अकरावीच्या माहितीपुस्तिकेतली ती एक ओळ खोडू नका

महाराष्ट्रातल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे सन्माननीय प्राचार्य आणि संस्थाचालक,

सप्रेम नमस्कार.

अकरावीचे प्रवेश आता ऑनलाइन झाले. तरी कागदपत्रं तपासायला आणि विषय ठरवायला मूल शेवटी आपल्याच टेबलापाशी येतं. सोबत वडील असतात, नाहीतर मामा. फॉर्मवर ‘तत्त्वज्ञान’ लिहिलेलं दिसलं की टेबलापलीकडून एक वाक्य येतं, “हे घेऊन काय करणार? भूगोल घे, मार्क मिळतात.” मूल मान डोलावतं, खोडरबर फिरतो आणि पट एकाने कमी होतो. मी २९ वर्षं त्याच टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर बसून हे वाक्य ऐकलं. कधी अडवलं, पुष्कळदा गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची रुखरुख आहे, म्हणून हे पत्र.

मी सह्याद्रीच्या पायथ्याशी, तालुक्याच्या गावच्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवत होते. रुजू झाले तेव्हा वर्गात चाळीसेक मुलं होती. निवृत्त झाले तेव्हा अकरा. माझ्यानंतर ती जागा भरली गेली नाही, आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत विषयांच्या यादीतली ती ओळ निळ्या पेनाने खोडलेली होती. नवी पुस्तिका छापायचा खर्च वाचवला असावा. माझ्या एका विद्यार्थिनीने, जी आता स्वतः शिक्षिका आहे, त्या पानाचा फोटो मला पाठवला. मी तो अजून पुसलेला नाही.

त्या तासाला नेमकं काय चालतं, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं नसेल. म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते.

बारावीतला एक मुलगा दहा-बारा दिवस आला नव्हता. आजी गेली होती. परत आला तो गप्प गप्प. तास संपत आल्यावर म्हणाला, “मॅडम, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही.” दोन तास सगळे नदीवर उन्हात उभे होते. कोणी म्हणालं नातवाचं लग्न बघायचं राहिलं, कोणी म्हणालं शेताच्या वाटणीचं मनात असेल. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. पण त्याच्या आईने मनाशी पक्कं केलं होतं, की सासूबाई आपल्यावर नाराज होऊन गेल्या. आजारपणात एकदा ती त्यांच्यावर चिडली होती. तेव्हापासून ती जेवत नव्हती. मुलगा विचारत होता, “कावळा न येण्याचं दुसरं कारण असूच शकत नाही का?”

त्याला ‘ही अंधश्रद्धा आहे’ असं सांगणं सोपं होतं. ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला माझं मत मिळालं असतं, विचार मिळाला नसता. आम्ही फळ्यावर दोन विधानं लिहिली. ‘आजीची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही.’ ‘कावळा शिवला नाही.’ यातून ‘आजीची इच्छा राहिली होती’ हे निघतं का? विधानं खरी-खोटी मांडून युक्तिवाद तपासायची सत्यता कोष्टकं आदल्याच महिन्यात शिकवली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, नाही निघत. एसटी बंद असली तर पोरं कॉलेजात येत नाहीत. पण पोरं आली नाहीत म्हणजे एसटी बंदच होती असं नाही. यात्रा असेल, सुगी असेल. मग मुलांनीच इतर कारणं काढली. पिंडाभोवती माणसांचा घोळका होता. भर दुपार होती. नदीकाठची झाडं रस्त्याच्या कामात गेली, कावळेच कमी झाले. यातलं कोणतं कारण खरं हे कशावरून ठरवायचं, काय दिसलं म्हणजे आपण आपलं म्हणणं सोडून द्यायचं, यावर दुसरा अख्खा तास गेला.

आणि मग एका मुलीने विचारलं, “पण हे त्याने घरी जाऊन आईला सांगायचं का?”

वर्ग एकदम शांत झाला. तोवर आम्ही ज्ञानमीमांसेत होतो, खरं काय आणि ते कसं कळतं यात. तिच्या एका प्रश्नाने आम्ही नीतिशास्त्रात आलो. खरं आहे ते सगळं, सगळ्यांना, लगेच सांगायचं का? दुःखात असलेल्या माणसाला युक्तिवाद द्यायचा का? न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? या प्रश्नांची उत्तरं पुस्तकाच्या मागे नसतात. त्या दिवशी मीही दिली नाहीत.

आठवड्याने तो मुलगा सांगायला आला. कावळ्याबद्दल तो आईशी बोललाच नव्हता. त्याने आत्याला बोलावून घेतलं आणि आईने आजीचं आजारपण कसं काढलं, रात्री किती वेळा उठली, हे आईसमोर आत्याला सांगितलं. आत्या रडली, आई रडली, आणि आई जेवली. सतरा वर्षांच्या मुलाने हे केलं. हे त्याला मी शिकवलं असं मी म्हणणार नाही, तो मुळातच मायाळू होता. पण ‘हे खरं आहे का’ आणि ‘मी आता काय करावं’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्याला त्या वर्गात दिसलं. पुष्कळ मोठ्या माणसांना ते आयुष्यभर दिसत नाही.

आपण म्हणाल, हा वर्ग कॉलेजच्या पुढच्या वर्षांत, बी. ए. ला होऊ दे. सोळा-सतरा हे काय वय आहे? पण प्रश्न पडतात ते याच वयात. वर्षभरात मतदान ओळखपत्र हातात येणार असतं. घरापासून लांब शिकायला जायचं की नाही, देव मानायचा की नाही, वडील जातीबद्दल जे बोलतात ते ऐकून घ्यायचं की बोलायचं, हे सगळं अकरावी-बारावीतच सुरू होतं. आपल्या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध प्रश्न विचारणारा नचिकेत कोवळा मुलगा आहे. कठोपनिषदात गोष्ट सुरू होते ती यमापासून नव्हे, त्याच्या बापाच्या गोठ्यापासून. बाप दान करतोय, आणि दान देतोय त्या गाई शेवटचं पाणी प्यालेल्या, शेवटचं गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या. पोराला ते बघवत नाही. असलं दान देणाऱ्याचं काय होईल, हे त्याच्या मनात येतं, म्हणून तो विचारतो, बाबा, मला कोणाला देणार? पुन्हा विचारतो, पुन्हा विचारतो. बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला देतो. मृत्यूनंतर काय उरतं हा मोठा प्रश्न फार पुढे येतो. त्याआधी आपल्याच घरात चाललेलं खोटं दिसण्याची ही अस्वस्थता आहे. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन नचिकेत असायचे. घरी त्यांना ‘उलट बोलतो’ म्हणत.

या मुलांना तत्त्वज्ञानाचा तास नेमकं काय देतो, हे मला धुराच्या उदाहरणावरून कळलं. न्यायदर्शन या आपल्या प्राचीन तर्कपरंपरेतलं प्रसिद्ध अनुमान आहे: डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे धूर तिथे अग्नी, जसं चुलीत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असे त्याचे पाच अवयव. मी हे जुलैत शिकवत असे. आमच्या वर्गाच्या खिडकीतून जो डोंगर दिसतो तो जुलैत सगळा ढगात असतो. एका वर्षी एका मुलीने बाहेर बघत विचारलं, “मॅडम, ते धुकं असलं तर?” मी खडू खाली ठेवला. हेतूच, म्हणजे दिलेलं कारणच, संशयास्पद असला तर अनुमान उभं राहत नाही, हे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, आणि बौद्ध तर्कपंडितांनी कित्येक शतकांपूर्वी मांडून ठेवलंय. असिद्ध हेत्वाभास म्हणतात त्याला. तिने तो वाचला नव्हता, तिला तो खिडकीत दिसला. लगेच दुसऱ्याने विचारलं, सगळे डोंगर बघितल्याशिवाय ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ कसं म्हणायचं? मी त्याला सांगितलं, हे चार्वाकांनी, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन जडवाद्यांनी, विचारलंय. आणि अठराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या डेव्हिड ह्यूमने कार्यकारणभावाबद्दल विचारलंय. त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. आपल्याला पडलेली शंका म्हणजे आगाऊपणा नाही, तिलाही घराणं आहे, आपल्या आधी मोठमोठी माणसं तिथे अडली आहेत, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. या वयातलं मूल आपल्या शंकांसह फार एकटं असतं. हा विषय त्याला सोबत देतो. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे.

मार्कांचं बोलते, कारण टेबलावरचा मुद्दा तोच असतो. तर्कशास्त्रात गणितासारखे पैकीच्या पैकी मिळतात. सिद्धता बरोबर असली की कोणी अर्धा गुण कापत नाही. तत्त्वज्ञानात लिहावं लागतं, तिथे मेहनत आहे, हे मान्य. पण आपली मुलं पदवीनंतर पुण्याला सदाशिव पेठेत कॉट घेऊन राहतात आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतात. त्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. तेविसाव्या वर्षी हजारो रुपये भरून क्लासमध्ये जे घाईघाईने घोकायचं, ते सोळाव्या वर्षी सरकारी पाठ्यपुस्तकातून, संथपणे, वर्गात भांडत शिकता येत होतं. गरिबाच्या मुलाला तर ती एकच संधी असते.

‘हे शहरातल्या मुलांना शोभतं’ असंही मी ऐकलंय, आणि या वाक्याचा मला राग येतो. १९१६ साली महाराष्ट्रात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था उभी राहिली ती पुण्यात नाही, मुंबईत नाही. खानदेशात, अमळनेरला. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी ती उभारली. अभ्यासकांनी तिथे यावं, राहावं, वाचावं, वाद घालावेत, म्हणून. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालमधून त्या कापसाच्या गावी आला. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या तत्त्वज्ञान मंदिरात. त्याच गावातल्या शाळेत ते शिक्षक झाले ते नंतर. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठीत तत्त्वज्ञानाचा महाकोश १९७४ मध्ये तीन खंडांत निघाला. आमच्या बाजूला वाई आहे, तिथे प्राज्ञपाठशाळा आहे, विश्वकोशाचं कार्यालय आहे. मी मुलांना एसटीने तिथे घेऊन जात असे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच गावात बसून काम करत, आणि त्यांच्यानंतर विश्वकोशाची धुरा ज्यांच्याकडे आली ते मे. पुं. रेगे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, हे सांगितलं की मुलांना आपल्या विषयाचा अभिमान वाटायचा. भाषा आहे, ग्रंथ आहेत, परंपरा आहे, मंडळाचं पाठ्यपुस्तक आहे. नाही ती फक्त वेळापत्रकातली जागा.

फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान सक्तीचं आहे. विज्ञानाकडे जाणाऱ्यालाही. जूनमध्ये चार तासांचा पेपर असतो, तीन प्रश्नांतला एक निवडून त्यावर लिहायचं. २०२३ साली त्यात एक प्रश्न होता: शांतता हवी असणं म्हणजे न्याय हवा असणं का? मी तो माझ्या घरी येणाऱ्या तीन-चार मुलांना दिला. एकाने आपल्या वस्तीतल्या पाण्याच्या भांडणावर दोन पानं लिहिली. गावात तंटामुक्तीची कमान लागली, म्हणजे तंटा मिटला की बोलणारे गप्प बसले, असं त्याने विचारलं होतं. फ्रान्सचं अनुकरण करा असं मी म्हणत नाही. सक्ती केली की आपल्याकडे त्याचीही गाइडं निघतील. आपली मुलं त्या प्रश्नाला पुरी पडतात, एवढंच मला दाखवायचंय.

विज्ञान शाखेबद्दल थोडं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट म्हटलंय, की कला आणि विज्ञान यांच्यात ताठर भिंती नकोत. आमच्याकडे ती भिंत पाडायला कोणी धोरणाची वाट पाहिली नाही. बारावी विज्ञानाची एक मुलगी प्रॅक्टिकल संपलं की आमच्या वर्गाच्या मागच्या खिडकीत उभी राहून डबा खायची. आठ दिवसांनी मी तिला आत बोलावलं. तिचा प्रश्न होता, की गणितात ‘सिद्ध झालं’ म्हणतात आणि भौतिकशास्त्रात ‘सिद्ध झालं’ म्हणतात, ते एकच आहे का? तिच्या स्वतःच्या तासांना हे विचारायला वेळ नव्हता, पोर्शन संपवायचा होता. निगमन (नियमावरून निष्कर्ष काढणं) आणि विगमन (अनेक उदाहरणांवरून नियम काढणं) यातला फरक आम्ही तिच्यासाठी पुन्हा एकदा केला. ती वर्षभर येत राहिली. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं, गुणपत्रिकेवर काही उमटलं नाही. आता ती जिथे आहे तिथे संशोधन करते, आणि दिवाळीला फोन करते.

आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरतात तेव्हा, जागा जाते. शिक्षक अतिरिक्त ठरतो. अकरा मुलांसाठी एक पूर्ण वर्कलोड कोणत्या तोंडाने मागायचा, हे माझ्या प्राचार्यांनी मला विचारलं होतं, आणि ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. पण मुलं अकरावर का आली याचाही हिशोब मांडू या. काही दोष आमचा, शिक्षकांचा आहे. आमच्यापैकी अनेकांनी हा विषय नोट्स सांगून शिकवला. ‘प्लेटोचे आदर्श राज्य स्पष्ट करा’, लिहा, पाठ करा. मीही पहिली पाच-सहा वर्षं तसंच शिकवलं. मुलं झोपायची आणि मला वाटायचं मुलांनाच गोडी नाही. ज्या विषयाच्या मुळाशी अथेन्सच्या बाजारात लोकांना अडवून प्रश्न विचारणारा सॉक्रेटिस आहे, तो विषय मी वहीत उतरवून घ्यायला लावत होते. हे बदललं तेव्हा पट काही वर्षं वाढलासुद्धा. मग गावात कॉलेज आणि प्रवेशपरीक्षेचा क्लास एकत्र देणारं इंटिग्रेटेड कोचिंग आलं, कला शाखेची एक तुकडीच बंद झाली, आणि आम्ही पुन्हा खाली आलो.

म्हणून मागणं फार मोठं नाही. माहितीपुस्तिकेतली ती ओळ राहू द्या. टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यांना एवढं सांगा, की मुलाने स्वतःहून हा विषय लिहिला असेल तर त्याला एकदा ‘का’ असं विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐका, खोडरबर नंतर. एका कॉलेजात पूर्ण वर्कलोड बसत नसेल तर शेजारच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक शिक्षक ठेवावा, तासिका तत्त्वावर का होईना. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली, तत्त्वज्ञानात एम. ए. केलेली मुलं घरी बसून आहेत. मी त्यांतली काही शिकवलेली आहेत. आणि विषय बंदच झाला असेल तर आठवड्यातून एक तास द्या, गुणांशिवाय, कला-वाणिज्य-विज्ञान सगळ्यांना एकत्र. बारावीची परीक्षा संपल्यापासून पदवीचे वर्ग सुरू होईपर्यंतचे काही महिने तर पूर्ण मोकळे असतात. मुलं तेव्हा निकालाची वाट बघत नुसती बसलेली असतात, आणि डोक्यात काहूर असतं. तेव्हा ग्रंथालयाची एक खोली उघडी ठेवली तरी चालेल.

माझ्या गावाहून सकाळच्या एसटीने निघून संध्याकाळी परत येता येईल अशा कोणत्याही कॉलेजात, आठवड्यातून एक दिवस, मी यायला तयार आहे. मानधन नको. फळा हवा, खडू हवेत आणि डब्याच्या सुट्टीला लागून असलेला तास हवा, म्हणजे मागच्या खिडकीत जे कोणी डबा घेऊन उभं राहील त्याला आत बोलावता येईल.

आपली नम्र,
तत्त्वज्ञानाची एक निवृत्त शिक्षिका